अकरा एकांचा आकडा

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, की आज बहुतेक शाळा लवकर सुटेल, तर खिडकीजवळच्या खुर्चीतून गणिताच्या बाई मान वर न करता विचारायच्या, “तपासलं का?”

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. मुख्याध्यापकांना, शिपायाला, भाजीवालीला. एकदा इतिहासाच्या मास्तरांनी मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे आणले आणि छत्तीस गुण जमले म्हणून सांगितलं. बाईंनी पेढा हातात घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, की बेरीज कुणी केली? मास्तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा परळच्या त्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. वय चोवीस. राहायला लालबागला एका चाळीत, मामांच्या खोलीत. बाईही त्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. लग्न केलं नव्हतं. राजापूरकडच्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा, की मधल्या सुट्टीतला गोंगाट कापत जायचा. पदराला नेहमी टाचण्या लावलेल्या, आणि प्रत्येक टाचणीला एक कागद. स्वयंपाक करता करता, नळावर रांगेत उभ्या असताना, त्या कागदावर कसला तरी भागाकार चाललेला असे. चाळीतल्या बायका म्हणायच्या, बाईंच्या पदराला हात पुसायला जागा नाही.

वर्गात त्यांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक म्हणजे हजेरी. नाव त्या कधी पुकारत नसत, नंबर पुकारत, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला आपल्या नंबराची माहिती काढून आणायला लावत. सदतीस नंबरच्या मुलानं उभं राहून सांगायचं, की मला तिनानं गुणलं तर एकशे अकरा होतात. दुसरी गोष्ट, फळ्यावर चुकलेलं गणित पुसू द्यायच्या नाहीत. चुकीवर एक आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर मांडायचं. चूक पुसली की ती पुन्हा होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्हा दोघांचं तेव्हा फारसं जमत नसे. त्यांच्या मते चित्रकला हा विषय ठीक होता, पण त्यात चूक सापडण्याची काही खात्रीची पद्धत नाही, हा त्याचा मोठा दोष. जमलं ते पुढे, एका भिंतीमुळे.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राकडे राहणार, ही बातमी रेडिओवर आली आणि लालबाग-परळ पेटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, अश्रुधुरानं खोल्याखोल्यांतली माणसं ओले पंचे तोंडाला लावून बसली. पुढे सत्याग्रहाच्या तुकड्या निघू लागल्या. आमच्या चाळीतून अकरा जण गेले आणि अकराच्या अकरा पकडले गेले. बहुतेक गिरणीत काम करणारे, दोघं कारकून. (‘बहुतेक’ लिहिलं खरं. नऊ गिरणीतले, दोन कारकून, असं लिहायला हवं.)

चाळ सुन्न झाली. आबा म्हणून एक मालवणकडचे विणकर होते, चाळीच्या समितीचे चिटणीस. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, की मास्तर, दर्शनी भिंतीवर कायतरी असा काढा, की बघून माणसाक बळ येयत. मी दोन दिवस विचार केला. पोलिसांच्या भीतीनं नावं लिहिता येत नव्हती. मग सुचलं. भिंतीला चुना दिला आणि पुरुषभर उंचीचे, काळ्या रंगात, एकाशेजारी एक असे अकरा एक काढले. १११११११११११. खाली लाल अक्षरांत ओळ लिहिली: ‘या एकीला भाग जात नाही.’

लोकांना ती फार आवडली. शेजारच्या चाळींतून माणसं बघायला आली. चाळीत लाल बावटेवाले आणि समाजवादी एका सतरंजीवर बसायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तेही भिंतीपुढे एकत्र उभे राहिले. पकडलेल्यांपैकी एकाची आई, आम्ही तिला काकी म्हणायचो, रोज सकाळी नळावर जाताना डावीकडून चौथ्या एकाला हात लावून जायची. तिनं ठरवून टाकलं होतं, की चौथा तिचा मुलगा.

तिसऱ्या दिवशी शाळेतून परतताना बाई भिंतीपुढे थांबल्या. मीही थांबलो. कौतुक होणार असं वाटलं. बाईंनी एक एक करत सगळे मोजले आणि विचारलं, “याला भाग जात नाही, हे तपासलं का?”

मी सांगितलं, की दोनानं, तिनानं, सातानं आणि अकरानं करून पाहिलं. जात नाही.

“आणि तेरानं? सतरानं? तेवीसनं?”

मी म्हणालो, की बाई, ही घोषणा आहे, गणित नाही. त्या म्हणाल्या, की आकडा लिहिला म्हणजे ते गणित झालं. एकी म्हणून अकरा माणसं काढली असतीत तर मी काही विचारलं नसतं. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, की अकरा माणसं आत आहेत, त्यांच्या नावानं न तपासलेलं वाक्य लिहिणं बरं नाही. आणि जिना चढून गेल्या.

मला राग आला. बाई आंदोलनाच्या विरुद्ध होत्या म्हणावं, तर तसंही नव्हतं. अश्रुधुराच्या दिवसांत त्यांनी आपल्या खोलीत जखमी माणसं आणून पाणी पाजलं होतं, आणि समितीच्या पत्रकांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशीपासून शाळा सुटल्यावर त्या शिक्षकांच्या खोलीत बसू लागल्या. तपासलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, एक दौत, एक टाक. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. एवढ्या आकड्याला त्या भागत बसल्या.

चार दिवसांनी मी न राहवून विचारलं, की अशा किती संख्यांनी भागणार? त्यांनी मला बसवून घेतलं. समजावून सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. ओरड जाऊन त्यात एक मऊपणा येई. त्यांनी सांगितलं, की हा आकडा फुटत असेल तर त्याचा एक तरी भागक एक लाख पाच हजार चारशे नऊच्या आत सापडलाच पाहिजे. तिथवर सापडला नाही तर तो फुटतच नाही. आणि तिथवरच्या सगळ्याच संख्या काही बघाव्या लागत नाहीत. याला भागणारी मूळ संख्या, म्हणजे जिला स्वतःला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानंच भाग जात नाही अशी संख्या, ती अशीच असली पाहिजे, की तिच्यातून एक काढला तर उरलेल्याला बावीसनं भाग जावा. हे का, ते त्यांनी मला तीनदा सांगितलं. मला तिसऱ्यांदा समजलं आणि चौथ्या दिवशी मी विसरलो. पण नियम लक्षात राहिला. तेवीस चालेल, सदुसष्ट चालेल, एकोणनव्वद चालेल. मग एकदम एकशे नव्व्याण्णव.

“म्हणजे किती भागाकार?” मी विचारलं.

“शेवटपर्यंत जावं लागलं तर हजारभर. प्रत्येक दोनदा.”

मी मदत करतो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि नकार दिला. “तुम्हाला प्रत्येक वेळी बाकी उरायला हवी आहे, मास्तर. म्हणून तुमच्या भागाकारावर माझा भरवसा नाही.”

ते खरं होतं. माझी ओळ भिंतीवर होती. शेवटी माझ्याकडे यादीचं काम आलं: बावीसच्या पाढ्यात एक एक मिळवत जायचं, आणि त्यातल्या ज्या संख्या मूळ नाहीत त्यांवर काट मारायची. भागाकार त्यांचा. त्यांची मांडणी ठरलेली होती. डावीकडे भागक, पुढे बाकी, आणि शेवटी एक शब्द. तेवीस, उरले दहा, नाही. सदुसष्ट, उरले अठरा, नाही. एकोणनव्वद, उरले सहा, नाही. दुपार कलली, की समोरच्या गिरणीचा भोंगा व्हायचा, पाळी सुटायची, रस्ता माणसांनी भरायचा, कधी मोर्चा जायचा, कधी पोलिसांची गाडी. बाई उठून खिडकी लावायच्या आणि पुन्हा बसायच्या. महिनाभरात आठ हजारांच्या पुढे गेल्या. रोज एकदा तरी मी मनात म्हणायचो, की देवा, बाकी उरू दे. रोज उरत होती.

मग झडती झाली.

चाळीत पत्रकं छापली जातात, अशी कुणीतरी खबर दिली होती. पोलीस सकाळीच आले. पत्रकं मिळाली नाहीत. बाईंच्या खोलीत मात्र आकड्यांनी भरलेल्या कागदांची चळत मिळाली आणि फौजदाराचे डोळे चमकले. सांकेतिक लिपी म्हणून सगळी चळत त्यांनी चौकीवर नेली.

बाई तडक चौकीवर गेल्या. मी त्यांच्यामागून. फौजदार तरुण होता, साताऱ्याकडचा, वागायला सभ्य. त्यानं एक कागद पुढे सरकवून विचारलं, की प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नाही’ लिहिलंय, हे ‘नाही’ कुणाला सांगायचंय? बाईंनी सांगितलं, की कुणालाच नाही, भाग जात नाही म्हणून ‘नाही’. त्याचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला, अकरा एक मांडले, एकशे नव्व्याण्णव भागक घातला आणि त्याच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, की यात काही गुप्त असेल तर तुमच्याही हातून तेच निघेल. करा.

का कोण जाणे, त्यानं केलं. शाळेत बाकावरून उठवलेला मुलगा करतो तसं, ओठ हलवत. बाकी एक्केचाळीस आली. बाई म्हणाल्या, “चुकलं. पुन्हा.” दोन हवालदार दाराशी येऊन उभे राहिले. फौजदारानं घाम पुसला आणि पुन्हा केलं. चाळीस आली. बाईंनी आपल्या चळतीतला तो कागद काढून दाखवला: एकशे नव्व्याण्णव, उरले चाळीस, नाही.

फौजदारानं दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले. मग ओशाळून म्हणाला, की मला पटलं बाई, पण जप्तीची नोंद वर गेली, आता कागद माझ्या हातात नाहीत. कधी परत मिळतील ते सांगता येत नाही.

चौकीबाहेर आल्यावर मला रडू यायचं बाकी होतं. महिन्याभराचं काम गेलं. आणि खरं सांगतो, त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक सुटकाही होती. आता बाई सोडून देतील. भिंत तशीच राहील.

बाई ट्रामचे रूळ ओलांडून पलीकडे गेल्या, वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, पदराची एक टाचणी काढली, कोरा कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं: तेवीस.

“बाई, निदान आठ हजारांपासून तरी,” मी म्हणालो.

“ते कागद माझ्याकडे नाहीत. जे दाखवता येत नाही ते मला माहीत आहे, असं मी म्हणणार नाही.” आणि भागायला लागल्या. दहा उरले. नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांचा वेग वाढला. शाळेत भागाकार, घरी भागाकार, नळावर भागाकार. डबा तोच असायचा, तूप-गुळाची पोळी गुंडाळून, कारण ती डाव्या हातानं खाता येते. बारा हजार झाले, पंधरा झाले. अठरा हजारांपाशी असताना तो फौजदार एकदा साध्या कपड्यांत चाळीत आला आणि जप्त केलेली चळत बाईंच्या हातात देऊन गेला. बाईंनी एक अख्खा रविवार जुने आणि नवे कागद ताडून पाहण्यात घालवला. जुन्यात दोन चुका निघाल्या, नव्यात एक. तिन्ही ठिकाणी रेघ मारून त्यांनी खाली दुरुस्त केलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, की जप्ती झाली ते बरं झालं.

ज्या दिवशी भागक सापडला, त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी होती. मी कोपऱ्यात मुलांची चित्रं तपासत होतो. टाकाचा आवाज थांबला. तो एरवीही थांबायचा, पण इतका वेळ नाही. मी वर पाहिलं. बाई कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्यावर तोच भागाकार पहिल्यापासून मांडला. मी उठून मागे उभा राहिलो. भागक होता एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. शेवटची वजाबाकी झाली आणि खाली काही उरलं नाही.

बाईंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, की उत्तर आलंय पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस; आता तुम्ही गुणाकार करा. तुम्हाला हे चुकायला हवंय, म्हणून आज तुमच्यावर माझा भरवसा आहे.

मी केला. पाच ओळी आल्या, वेड्यावाकड्या आकड्यांच्या, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मग बेरीज. एककाला एक. दशकाला पाच आणि सहा अकरा, लिहिला एक, हातचा एक. शतकाला एक, पाच, चार आणि हातचा एक, पुन्हा अकरा. लिहिला एक. मी भिंतीवर कुंचल्यानं काढलेले तेच अकरा एक उजवीकडून एक एक करत माझ्याच हाताखाली उभे राहत होते, आणि एकही चुकत नव्हता.

बाईंनी सांगितलं, की हे दोन्ही भागक आता पुढे फुटत नाहीत. फुटत असते तर त्यांचे तुकडे आपल्याला आधीच भेटले असते. दोनच. बस.

मी म्हणालो, “बाई, हे कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय आणि तुम्हाला कळलंय. दोघं झाले.”

अकरा जण चार दिवसांनी सुटणार होते. चाळीच्या चौकात सत्काराची सभा ठरली होती, त्याच भिंतीपुढे. मी आबांना सांगितलं. ते बाईंकडे धावत आले. मी दाराशी उभा होतो. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “बाईनू, आत्ता ह्या सांगूची गरज आसा काय? दोन्ही बावटे एका सतरंजीर बसतत तां कसां बसतत, माका म्हायत. कोणी म्हणात, बघा, गणितानंच सांगल्यान भाग जाता म्हणून.”

बाईंनी त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, की आबा, तुमची भीती खोटी नाही. पण ती माणसं खरं बोलून आत गेली. कोर्टात त्यांना विचारलं, मनाईहुकूम मोडला का, तर हो म्हणाले. त्यांना बाहेर आल्यावर आपण खोट्या वाक्याखाली बसवायचं?

आबा उठले. जाताना एवढंच म्हणाले, की मग तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून हे निघणार नाही.

सभेला चौक भरला होता, गॅलऱ्या भरल्या होत्या. अकरा जणांना हार घातले. भाषणं झाली. मग बाई उठल्या आणि चाळीचा बातम्या लिहायचा फळा ओढून पुढे घेतला. त्यांनी एका दमात सांगितलं: या भिंतीवर लिहिलंय, की या आकड्याला भाग जात नाही. मी तपासलं. भाग जातो.

मागून कुणीतरी ‘फितूर’ म्हणालं. दुसरा म्हणाला, खाली बसवा तिला. दोन तरुण पुढे सरकले. मला काय झालं माहीत नाही, मी उठून फळ्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “ती ओळ माझी आहे. मी न तपासता लिहिली. बाईंना बोलू द्या.”

तेवढ्यात काकी उठली. मुलगा शेजारी बसला होता, त्याचा हात तिनं धरलेलाच होता. ती बाईंना म्हणाली, “म्हणजे माजो झील त्यात नाय?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “अकराच्या अकरा आहेत. मी दाखवते, तोवर सगळ्यांनी बसायचं.”

आणि त्यांनी सगळा गुणाकार फळ्यावर केला. पाच ओळी. मग बेरीज, मोठ्यानं, प्रत्येक हातच्यासकट. गिरणीत धागे मोजणारी माणसं ती. चौथ्या-पाचव्या एकापासून त्यांनी बाईंबरोबर मोजायला सुरुवात केली. सहा. सात. शेवटी अकरावा एक डावीकडे उमटला आणि काकीनं डावीकडून मोजत चौथ्यावर बोट रोखलं. मग ती खाली बसली.

तिच्या मुलानं विचारलं, “बाई, ज्याला भाग जात नाही त्याला मूळ संख्या म्हणतात, ते शाळेत शिकलो होतो. ज्याला जातो त्याला काय म्हणतात?”

“संयुक्त,” बाई म्हणाल्या. “संयुक्त संख्या.”

एक क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गॅलरीतून कुणीतरी हसलं, आणि ते हसू मजल्यामजल्यावरून खाली आलं. आबा उभे राहिले, त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ‘संयुक्त महाराष्ट्र’ एवढंच म्हटलं. पुढचं चौकानं म्हटलं. मघाशी पुढे सरकलेले ते दोघं टाळ्या वाजवत होते.

बाई खडू हातात धरून तशाच उभ्या होत्या. आवाज ओसरल्यावर त्या म्हणाल्या, की मी घोषणा दिलेली नाही, संख्येच्या प्रकाराचं नाव सांगितलं. आणि त्या प्रकाराचं नाव दुसरं काही असतं तरी गणित तेच राहिलं असतं. हे कुणी ऐकून घेतलं नाही. त्याचं त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं. लोकांनी उत्तर पटवून घेतलं ते चुकीच्या कारणानं, असं त्या म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी मी चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी गेलो, तर त्यांनी वरून हाक मारली आणि पुसू नका म्हणाल्या. मी लाल ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: २१६४९ × ५१३२३९. पुढे कितीतरी महिने येणारे-जाणारे तिथे थांबून कागदावर गुणाकार करून बघत. एकदा तो फौजदारही दिसला.

राज्य झालं त्या वर्षी लालबागमध्ये जी रोषणाई झाली, ती बाईंनी पाहिली, गॅलरीत उभं राहून लाडूही खाल्ला. मला म्हणाल्या, की तेरा एक मी मध्यंतरी करून पाहिले, त्रेपन्नानं लगेच भाग गेला, त्यात काही दम नव्हता. आता सतरा घेतलेत.

मी पुढे नोकरी बदलून माटुंग्याला गेलो, संसारात पडलो. बाई निवृत्त झाल्या. चाळीतच राहिल्या. सतरा एकांची यादी अकरांसारखी नव्हती. हजारो भागाकार करूनही शेवट दिसायचा नाही. खूप नंतर, बाई गेल्यावर, एका प्राध्यापकांनी मला सांगितलं, की त्याला वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भाग जातो. बाई तोवर बारा लाखांच्या थोड्या पुढे पोचल्या होत्या.

मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. डाव्या हातानं लिहायला शिकल्या होत्या. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, पण आकडे एकाखाली एक, रेघेत. खोलीत पलंगाखाली, फळीवर, दाराआड चळतीच चळती. मी थोडा वेळ बसलो, इकडचं तिकडचं बोललो. मग धीर करून विचारलं, की बाई, नाहीच सापडला तर?

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. बहुधा त्यांचा तो स्वतःला विचारून झाला असावा. त्या म्हणाल्या, “मग माझ्यानंतर जो कुणी बसेल, त्याला बारा लाखांपर्यंतचं पुन्हा करावं लागणार नाही.”

बाहेर सूर्य गिरणीच्या धुरांड्यामागे उतरायला लागला होता. बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं, कागद पुढे ओढला आणि टाक डाव्या हातात घेतला.

“आता उठा, मास्तर,” त्या म्हणाल्या. “उजेड आहे तोवर दोन होतील.”